झाडांची हजेरी

अंबादासअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका चिंचेला खडसावत होते. बगलेत लांबलचक बांधीव वही, कानावर लाल-निळी पेन्सिल, डोक्यावर काळी टोपी. "चैत्र लागून आठ दिवस झाले, एक नवं पान नाही. कैफियत द्या!"

चिंचेनं कैफियत दिली नाही. अण्णांनी वहीत शेरा मारला आणि पुढच्या झाडाकडे वळले.

मी घाबरून रस्त्याची दुसरी बाजू धरली. पण गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मी नुकतीच जी खोली भाड्यानं घेतली होती, तिच्याच शेजारी ते राहत होते, एकटेच. दुसऱ्या दिवशी समोरासमोर आलोच.

निजामाच्या अमलात अण्णा कचेरीच्या दफ्तरखान्यात मुहाफिज होते, म्हणजे जुन्या कागदांचे राखणदार. त्या दफ्तरखान्याला एकच झरोका होता आणि त्यात कबुतरं बसत. तीस वर्षं अण्णांनी अशी अंधारात काढली. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार बदलला, अण्णा पेन्शनीत निघाले आणि बाहेर पडले ते बाहेरच राहिले. उन्हाळ्यात गच्चीवर, हिवाळ्यात अंगणात. घरात फक्त देवापुढं दिवा लावायला जात.

रोज सकाळी हिमायतबागेच्या रस्त्यानं जायचं आणि झाडांची हजेरी घ्यायची, हा त्यांचा नेम. पानं गाळून उभं असलेलं झाड 'रुखसतीवर', म्हणजे रजेवर. फुललेल्या पळसासमोर 'तरक्की'. रस्ता रुंद करताना एक शिरीष तोडला, तेव्हा त्याच्या नावापुढं त्यांनी लिहिलं, 'बडतर्फ, बिला कसूर', म्हणजे काही गुन्हा नसताना, आणि बुंध्यापाशी टोपी काढून उभे राहिले.

गल्लीतल्या कुणालाही काही दुखलंखुपलं की अण्णांचा उपचार ठरलेला. "दवा एक हिस्सा, हवा तीन हिस्से!" आमच्या घरमालकांचं कापडाचं दुकान होतं आणि त्यांना झोप येत नसे. "शेटजी, गादी सोडा. तासभर मातीवर बसा." शेटजी बसले. मुंग्या चावून घरी आले, पण झोपले. मी शाळेत मास्तर. मला सांगत, "मास्तर, पेपर झाडाखाली तपासा. नापास पोरं कमी होतात." मी तपासून पाहिले. खरंच कमी झाली.

हे मी हसत सांगतोय, पण त्या वर्षी माझ्या खोलीत हसू नव्हतं.

आमचं गाव पिशोर. वडील लवकर गेले. मायनं लोकांच्या रानात खुरपलं, शेळ्या पाळल्या आणि मला बी.ए. केलं. आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. नोकरी लागताच मी मायला शहरात आणलं. लोखंडी खाट घेतली, भांड्यांना बाई लावली आणि बजावलं, "माय, आता तू काडी उचलायची नाही. नुसतं बसायचं."

माय बसली. महिन्याभरात आडवी झाली. तीन महिन्यांत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. ताटात वाढलेला भाकरीचा चतकोरही उरू लागला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, आणि टॉनिक लिहून दिलं. मी दोन बाटल्या आणल्या, गार वारं लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. मायचे उपकार फेडतोय असं मला वाटत होतं, आणि माय माझ्या डोळ्यांदेखत विझत होती.

एकदा अण्णा डोकावले. त्यांनी बाटल्या पाहिल्या, खिडकी पाहिली, खाटेवर पांघरुणात गुंडाळलेली माय पाहिली.

"मास्तर, ही तुमची आई आहे की दफ्तर? बस्त्यात बांधून फडताळात ठेवलंय!"

"अण्णा, तिला आराम..."

"उद्या सकाळी माईंना हजेरीला आणा."

"तिला चालवणार नाही."

"नामंजूर!" म्हणून अण्णा गेले.

सकाळी टांगा करून मी मायला घेऊन गेलो. ती एका दगडावर पदर ओढून बसली. अण्णांनी वही उघडली. "चिंच, हाजिर. वड, हाजिर." माय जमिनीकडे बघत होती. अण्णा एका उंच, सरळसोट झाडापुढं थांबले. "कडुनिंब नंबर तीन, हाजिर."

मायनं मान वर केली. "काय म्हनले?"

"कडुनिंब."

"आवं अण्णा, ह्यो लिंब न्हाई. महारुख हाय!"

"माई, तीस वर्षं दफ्तर सांभाळलंय मी. वहीत कडुनिंब आहे."

"वहीत आसंल. झाडाला इचारलं का?"

आणि माय उठली. मी हात पुढं केला तो तिनं पाहिलाही नाही. खालची डहाळी वाकवून तिनं पाला तोडला, तळहातावर चुरगाळला आणि थेट अण्णांच्या नाकापुढं धरला. "घ्या वास! लिंबाला आसा वास येतो व्हय? माझ्या शेळ्या ह्या पाल्यावर वाढल्या, आन् त्या शेळ्यांच्या दुधावर ह्यो तुमचा मास्तर!"

मग अण्णांचं वाकडं झालेलं तोंड पाहून ती हसली. तीन महिन्यांनी मी मायचे दात पाहिले.

अण्णा मात्र गंभीर होते. सरकारी कागदात खाडाखोड चालत नाही, असं म्हणत त्यांनी 'कडुनिंब'वर लाल रेघ मारली, शेजारी 'महारुख' लिहिलं, खाली 'दुरुस्ती केली' असा शेरा दिला आणि खिशातून शाईची डबी काढून मायचा अंगठा घेतला. माझी पदवीही मला इतक्या इभ्रतीनं मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माय माझ्याआधी उठून बसली. "चल लवकर. त्या अण्णाची वही सगळी चुकलेली दिसती." आठवड्याला एक तरी चूक ती पकडत असे आणि अंगठा निळा करून घरी येत असे. महिन्याभरात टांगा सुटला. भाकरी दीडवर गेली. टॉनिकच्या बाटल्या धुऊन तिनं त्यांत गोडेतेल भरलं.

मार्गशीर्षात अण्णांना ताप आला. तेव्हा कुठं ते घरातल्या खाटेवर दिसले. "मास्तर, आज हजेरी तुम्ही घ्या. वही पेटीत आहे," ते म्हणाले.

मी पेटीतून वही काढली, ती चुकून तळाची निघाली. जुनी, पानं पिवळी. उघडलेल्या पानावर 'कडुनिंब'वर लाल रेघ होती. शेजारी 'महारुख'. खाली शेरा, 'दुरुस्ती केली', आणि एक लहानसा अंगठा. 'निशाणी अंगठा, सौ. यमुनाबाई.'

अण्णांनी माझ्या हातातली वही पाहिली. ती मागून घेऊन त्यांनी त्या अंगठ्यावर बोट टेकवलं.

"आमचं कुटुंब, पाचोडकडची. शेतातली पोर. इथं येऊन खाटेला खिळली. पोलीस ॲक्शनआधीचे धामधुमीचे दिवस, दारं-खिडक्या लावलेल्या. शिवाय वारं लागेल ही मला भीती. ती म्हणायची, बाहेर काय काय फुटलं ते तरी सांगा. म्हणून ही वही. मी रोज पानं आणून दाखवायचो. तेव्हा मला खरंच कडुनिंब कळत नव्हता. ती इतकी हसली होती, मास्तर..." त्यांनी वही मिटली. "मी तिला पानं नेऊन दाखवली. तिलाच न्यायला हवं होतं. माईंना हे सांगू नका. त्यांची दुरुस्ती मंजूर आहे."

मला ते पोटात ठेवता आलं नाही. घरी येऊन मायला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "मला कवाच कळलं व्हतं, अण्णा मुद्दाम चुकत्यात ते. बाभळीला बोर कोन म्हनतं?"

"उद्या त्यांच्यासाठी महारुखाचा पाला आणू या," मी म्हणालो.

"पाला नगं. ताप उतरला की टांगा आन. अण्णालाच नेऊ."

चौथ्या दिवशी घोंगडीत गुंडाळून आम्ही अण्णांना नेलं. हजेरी त्यांनी टांग्यातूनच घेतली, आवाज खोल गेलेला. महारुखापाशी टांगा थांबला. अण्णांनी वही उघडली, पण नाव पुकारता येईना. टांगेवाला वळून बघू लागला.

माय खाली उतरली. झाडाला हात लावून उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीसारखी मोठ्यानं म्हणाली, "हाजिर हाय, अण्णा. लिवा."

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं.