दिवसातून तीनदा दाढी

"मला काही होत नाही," हे वाक्य मी लग्नाच्या आधीपासून बोलत आलोय. बेचाळीस वर्षांत साधी शिंकसुद्धा मला विचारून आली. त्यामुळे परगावी बिस्किटांच्या कारखान्यात भट्टी बसवायला गेलो असताना डॉक्टरांनी माझ्या पोटावरचे फोड पाहून "कांजिण्या" म्हटलं, तेव्हा मी त्यांनाच धीर दिला.

"काळजी करू नका डॉक्टर, मी सांभाळून घेईन."

"दहा दिवस खोलीबाहेर पडायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "कोणाला आत घ्यायचं नाही. आणि दाढी करायची नाही."

त्यात काय एवढं? कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये पहिल्या मजल्यावर खोली होती, फिटरला फोनवरून सूचना देता येत होत्या. भट्टीची मला चिंता नव्हती. चिंता होती बायकोची. येत्या गुरुवारी तिची बढतीची परीक्षा होती. पहिल्यांदा माझ्या आईचा पाय मोडला म्हणून हुकली, दुसऱ्यांदा मुलीच्या टायफॉईडमुळे. ही तिसरी संधी शेवटची. मला कांजिण्या झाल्यात हे कळलं असतं तर ती पुस्तकं टाकून पहिल्या गाडीने आली असती. तेव्हा तिला काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. आता एकाच संसारात तीन परीक्षा बुडवायच्या म्हणजे काय!

अडचण फक्त व्हिडिओ कॉलची होती. माझं तोंड म्हणजे कणकेच्या गोळ्यावर डाळिंबाचे दाणे टोचल्यासारखं झालं होतं. पण डोकं शाबूत होतं. फोन वाजला की मी कपाळापासून गळ्यापर्यंत दाढीचा फेस फासायचो. मेला फेस असा झोंबायचा की डोळ्यांत पाणी यायचं, पण फोड एकही दिसत नसे.

"अहो, दाढी करताय?" तिने सकाळी विचारलं.

"हो ना, मोठे साहेब यायचेत."

दुपारी पुन्हा फोन, पुन्हा फेस. "आता परत?"

"थोडी राहिली होती."

संध्याकाळी तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "घरी चार-चार दिवस खुंट वाढवून फिरता. तिथे तीनदा दाढी? आणि कपाळाला?"

"परगावी माणसाने नीटनेटकं राहावं गं."

हे उत्तर सुचल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली. हळूच, कारण पाठीवरही फोड होते.

तिसऱ्या दिवशी अंगावर कपडा सोसेना. गेस्ट हाऊस सांभाळणाऱ्या मावशींना कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्या होत्या, त्यामुळे जेवणाचं ताट त्याच दाराशी ठेवत. त्यांनी स्वतःचा जुना, मऊसूत, फुलाफुलांचा गाऊन आणून दिला. गरजवंताला अक्कल नसते. मी तो घातला, आणि खरं सांगतो, इतकं सुख मला लग्नाच्या सूटमध्येही मिळालं नव्हतं.

तीनदा दाढी काही बायकोच्या पचनी पडली नाही. स्वतःला अभ्यासातून उठता येईना, म्हणून मंगळवारी तिने धाकट्या भावाला पाहणीला पाठवलं. हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी आत घोरत होतो. माझ्या दाराशी दोन ताटं होती, एक उष्टं आणि एक नुकतंच आणलेलं. शेजारी गुलाबी लोशनची बाटली आणि कापूस. गॅलरीच्या कठड्यावर मी वाऱ्याला टाकलेला गाऊन.

"आत कोण आहे?" मेहुण्याने मावशींना विचारलं.

"ते सांगायला साहेबांनी बंदी केलीय," मावशी म्हणाल्या. मीच शिकवून ठेवलं होतं.

मेहुण्याने पुरावा म्हणून गाऊन पिशवीत घातला आणि तो चालता झाला. मला वाटलं, वाऱ्याने उडाला.

त्यानंतर बायकोचे फोन बंद झाले. बाई अभ्यासात बुडाली, म्हणून मी खूश!

गुरुवारी संध्याकाळी खिडकीखालून हाक आली. "बाहेर या. आणि तिलाही आणा."

मी गॅलरीत गेलो. मावशींचा दुसरा गाऊन अंगात, तोंडावर गुलाबी लोशन. खाली बायको, आणि तिच्या मागे मेहुणा, हातात पहिला गाऊन.

"हा कोणाचा?" तिने वर न बघताच विचारलं.

"माझा," मी म्हणालो.

मग तिने वर पाहिलं. एकदा माझ्या अंगातल्या गाऊनकडे, एकदा भावाच्या हातातल्या.

"कांजिण्या आहेत गं," मी म्हणालो. "तुझा पेपर बुडेल म्हणून बोललो नाही. दिलास ना?"

"दिला. सोडूनच येणार होते," ती म्हणाली. "मग म्हटलं, आता तर पास व्हायलाच हवं. यापुढे स्वतःच्या पायावर उभं राहायचंय. एक प्रश्न सोडला नाही." आणि ती मटकन पायरीवर बसली. हसत होती की रडत होती, वरून कळेना. मला मात्र फार बरं वाटलं.

"मला पाचवीतच येऊन गेल्यात," डोळे पुसत ती म्हणाली आणि थेट वर आली.

मेहुणाही निघाला. मी त्याला वरूनच थांबवलं. "तुला येऊन गेल्यात का?"

"मला काही होत नाही, भावोजी," छाती पुढे काढून तो म्हणाला. पुरावा हरवू नये म्हणून दोन रात्री तो गाऊन उशाशी घेऊन झोपला होता.

बायको पास झाली, केंद्रात दुसरी आली. माझ्या युक्तीमुळे, असं मी चारचौघांत सांगतो. निकालाच्याच दिवशी मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. कपाळापासून गळ्यापर्यंत दाढीचा फेस.

"भावोजी," तो हळूच म्हणाला, "तो गाऊन मावशींना परत केलात का?"