प्रोफेसर तारानाथांची पेटी

चिंचवडचे आमचे शेजारी प्रोफेसर तारानाथ बसच्या तिकिटासाठी नाणं खिशातून कधीच काढत नसत. ते कंडक्टरच्या कानातून काढत. निगडीच्या बसचा कंडक्टर शेवटी वैतागला. "प्रोफेसर, आज कान दुखतोय. खिशातून द्या!"

जादूचे प्रयोग करत ते गावोगाव फिरत. त्यांच्या फलकावर रंगवलं होतं, 'परदेश दौऱ्याहून नुकतेच परतलेले!' गेले होते बेळगावला. मी टोकलं, तर म्हणाले, "राज्याची हद्द ओलांडली की परदेशच, राव!"

त्यांचा हुकमी प्रयोग म्हणजे उभी लाकडी पेटी. पत्नी शांताबाई आत शिरत, मागची सैल फळी सरकवून पडद्याआड जात. दार उघडलं की पेटी रिकामी! पण शांताबाई आता या फिरतीला कंटाळल्या होत्या. "खंडेनवमीचा प्रयोग झाला की मी सांगलीला भावाकडे चालले. कायमची," असं त्यांनी आमच्या ओट्यावर जाहीर केलं. प्रोफेसर हसले. "बघा, आता पेटीसुद्धा लागत नाही!"

खंडेनवमीला आमच्या कंपनीत यंत्रांची पूजा. हार घातलेली यंत्रं बंद, त्यामुळे फिटर मंडळींचे हात शिवशिवत होते. संध्याकाळी तिथेच प्रोफेसरांचा प्रयोग होता; त्याची पेटी त्यांना स्टेजमागे दिसली.

"आरं, फळी खुळखुळतीय."

"बाई पडायची की त्यातनं!"

पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलू नये. यांनी हळदीकुंकवासकट पाना उचलला आणि बोल्ट टाकून फळी अशी आवळली, की हत्तीच्यानंही हलली नसती.

प्रयोग रंगला. शांताबाई पेटीत शिरल्या. प्रोफेसरांनी छडी फिरवली, दार उघडलं. शांताबाई तशाच उभ्या, पदराने घाम पुसत.

मांडव खदखदून हसला. फिटर पांढरे पडले. प्रोफेसरांनी छडी खाली केली. मग ते हळूच म्हणाले, "आहेस?" माइक चालू होता, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"जाऊ कुठनं? ढकलून ढकलून खांदा गेला माझा!"

दसऱ्याला सकाळी मी त्या फिटरांना पाना घेऊन प्रोफेसरांकडे नेलं. शांताबाईंची ट्रंक दाराशी तयार होती. प्रोफेसर त्यांच्या खांद्याला तेल चोळत होते.

"बोल्ट काढून देऊ का?" मी विचारलं.

"नको," ते वर न बघता म्हणाले. "दार उघडताना दर वेळी मनात यायचं, खरंच गेली असली तर?"

शांताबाईंनी ट्रंकेकडे पाठ करून खांदा आणखी पुढे केला. मग म्हणाल्या, "डावीकडं. जरा खाली."