तीन बाटल्यांची मोहीम

श्री. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरे, श्रावणमासी बेंगळूर शहरी जी मोहीम जाहली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहिण्याची आज्ञा जाहली, म्हणोन लिहितो. आज्ञा कोणी केली हे पुसू नये. ज्यांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिला ते अद्याप राजाजीनगरी सुखरूप आहेत. परंतु त्यांस विचारता ते खोकतात आणि दुसराच विषय काढतात. तेव्हा हे काम या गरीब कारकुनाचे शिरी आले.

राजाजीनगरी जमनाबाई म्हणोन थोर बाई. यांचे पूर्वज शहाजीराजांचे फौजेबरोबर या मुलखी आले आणि परत जाण्याचे राहूनच गेले. वय पंचावन्न, यजमान निवर्तलेले. यशवंतपुराकडे पंख्यांचा एक कारखाना, त्याचे कँटीनमध्ये मुदपाकखान्याची सरदारी बावीस वर्षे बाईंकडे होती. रोज तीनशे पाने उठत. आणि बाईंचे हुळीस, म्हणजे कानडी पद्धतीचे आमटीस, फोडणी पडली की कामगारांचे चित्त यंत्रावर ठरत नसे, ऐसी ख्याती.

ऐशास कारखान्यातील पाच इसम तापाने पडले. डॉक्टरांनी टायफॉइड ठरविला. मग कँटीनचे अधिकारी नरसिंहय्या यांनी फर्मान काढिले की, रांधणारे जे जे असतील त्यांनी सरकारी आरोग्य प्रयोगशाळेत मलाची परीक्षा करवावी, आणि अंगी रोगाचे जंतू नाहीत ऐसा शिक्क्याचा कागद पंधरा दिवसांत हजर करावा. तोवर चुलीपाशी येऊ नये. कागद न आलियास कायमची रजा समजावी. हे ऐकोन जमनाबाई घरी आल्या आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करोन निजल्या.

घरी धाकटे दीर अप्पासाहेब. टपालखात्यातून नुकतेच निवृत्त, म्हणोन मसलतीस सदैव मोकळे. त्यांचे कुटुंब वसुमतीबाई लेकीचे बाळंतपणास हुबळीस गेलेले. अप्पासाहेबांनी वहिनींस पुसले, तेव्हा बाई भिंतीकडेच बघत बोलल्या, "भावजी, नोकरी गेली तरी चालेल. पण हे असलं मी कुणाच्या हातात नेऊन देणार नाही."

अप्पासाहेब म्हणाले, "वहिनी, नाही गेलात तर लोक काय म्हणतील? हिच्याच हातानं झालं म्हणतील."

बाई उठोन बसल्या. मोहीम ठरली.

दुसरे दिवशी उभयतांची स्वारी प्रयोगशाळेवर चालोन गेली. रिकाम्या हाती जावे कसे, म्हणोन अप्पासाहेबांनी लोणच्याची मोठी बरणी घासून पुसून घेतली होती. पहिल्या खिडकीने दुसरीकडे धाडिले, दुसरीने कारखान्याचे पत्र मागितले, ते पत्र होते, परंतु त्यावर शिक्का नव्हता. मग कारकून बोलले, "नाळे बन्नी," म्हणजे उद्या या. त्या काळी शहरातील कैक घरांचे दारांवर भूत माघारी फिरावे म्हणोन 'नाळे बा', म्हणजे उद्या ये, ऐसे लिहीत असत. येथे लिहावे लागत नसे. उद्याचे दिवशी शिक्का घेऊन गेले, तेव्हा तिसऱ्या खिडकीतून बोटभर उंचीची एक बाटली मिळाली, आणि नियम कळला की नमुना दोन तासांचे आत, अकरापूर्वी पोहोचला पाहिजे. अप्पासाहेबांनी बरणी हळूच पाठीमागे घेतली.

आता जे संकट ओढवले ते कोणत्याही मसलतीत धरिले नव्हते. इतके लोक वाट पाहात आहेत हे जाणोन बाईंचे पोटाने बंड केले. पहिले दिवशी काही नाही. दुसरे दिवशी काही नाही. गरम पाणी, पपई, रात्री भिजविलेले मनुके, शेवटी एरंडेल, ऐसी कुमक मागोमाग धाडिली, आणि अप्पासाहेब अंगणात घड्याळ धरोन येरझाऱ्या घालीत. तिसरे दिवशी सकाळी आठ वाजोन दहा मिनिटांनी कडी वाजली आणि बाई बाहेर आल्या. अप्पासाहेबांनी केवळ छत्री उचलली.

बाटली कागदात, कागद डब्यात, डबा पिशवीत, ऐसा बंदोबस्त करोन बस धरिली. आत मुंगीस वाव नाही. बाई उभ्या. तेव्हा या शहराचे रीतीप्रमाणे, बसलेल्या एका अबोलीचे गजरेवाल्या बाईने हात पुढे केला आणि कानडीत म्हणाली, "द्या अक्का, मांडीवर ठेवते."

"नको, नको."

"अहो, उभ्या आहात. द्या की!" म्हणोन तिने पिशवीचा एक बंद धरिला. जमनाबाईंनी दुसरा धरिला. खेचाखेच जाहली. ती बाई रागावली. "मी काय चोर वाटले का? एवढं काय सोनं आहे त्यात?"

सगळी बस वळोन पाहू लागली. अप्पासाहेब खिडकीबाहेर पाहू लागले. मग जमनाबाई, ज्यांचे तोंडून आजवर घरातही हा विषय निघाला नव्हता, भर बसमध्ये मोठ्याने बोलल्या, "सोनं नाही गं बाई. तपासायला नेते आहे. माझंच आहे."

आता वर्णावे काय! बंद सुटला. जेथे मुंगीस वाव नव्हता तेथे बाईंभोवती दोन हात मैदान मोकळे जाहले, तीन आसने रिकामी पडली, आणि कंडक्टरने दोन थांब्यांवर शिटी न वाजविता, थांबा नसता बस थेट प्रयोगशाळेचे फाटकापाशी उभी करविली. नऊ वाजोन वीस मिनिटे. ऐसी वाट मोठमोठ्या स्वाऱ्यांसही मिळत नाही.

तिसऱ्या खिडकीत सौम्या नावाची तरुण तंत्रज्ञ होती. तिने बाटली घेतली, नाक न मुरडता चिठ्ठी चिकटविली आणि तक्ता भरू लागली. "पूर्वी कधी टायफॉइड झाला होता?"

"छे छे! कधीच नाही," अप्पासाहेब बोलले.

"भावजी, थांबा." जमनाबाई पुढे जाहल्या. "झाला होता. बाराव्या वर्षी. एकवीस दिवस अंथरुणात होते."

अप्पासाहेबांनी मराठीत कुजबुजोन विनविले की हे लिहवू नका, कागद मिळणार नाही. बाई म्हणाल्या, "खोटं सांगून मी पुन्हा पळीला हात लावू? तीनशे माणसं जेवतात."

सौम्याने सांगितले की ताप जाऊनही काहींचे पोटी जंतू वर्षानुवर्षे राहतात. माणूस धडधाकट असतो आणि त्यास कळतही नाही. तेव्हा एक नमुना पुरणार नाही, दिवसाआड ऐसे तीन पाहिजेत.

घरी येऊन बाईंनी आपले ताट, वाटी, तांब्या निराळा काढिला आणि स्वयंपाकघराचे उंबऱ्याबाहेर बैठक मांडिली. अप्पासाहेब भात लावू लागले. तो एके दिवशी करपे, एके दिवशी वाहे. बाई बाहेरून सांगत, "पाणी स्वल्प कमी," आणि उंबरा ओलांडीत नसत. एकदा इतकेच बोलल्या, "बावीस वर्षं, भावजी. किती लोकांना वाढलं असेल मी?" अप्पासाहेबांनी करपलेला भात संपविला.

दुसरी बाटली गेली, तिसरीही गेली. पोटानेही आता शरणागती पत्करिली होती. चौदावे दिवशी निकाल. सौम्या आत होती, कारकुनाने कागद खिडकीतून सरकविला, आणि अप्पासाहेबांनी चष्मा लावोन इंग्रजी वाचिले, "सालमोनेला टायफी, नॉट आयसोलेटेड." टपालखात्यात छत्तीस वर्षे इंग्रजी पत्ते वाचिलेले, त्यांनी शब्दाशब्दाचा अर्थ लाविला आणि चेहरा उतरला. "वहिनी... म्हणतात, जंतू एकटा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... बरेच आहेत."

जमनाबाईंनी पदर खोचला. रडल्या नाहीत. "त्या पाचांची घरं मला दाखवा," म्हणाल्या. "पाया पडून येते." इतक्यात सौम्या डबा खाण्यास बाहेर आली, तिने दोघांची दशा पाहिली, कागद पाहिला आणि कपाळावर हात मारिला. "अहो अक्का, सापडले नाहीत असा त्याचा अर्थ! तिन्ही वेळा नाही. एकसुद्धा नाही!"

मग मात्र बाई रडल्या, आणि सौम्याचे अॅप्रनास डोळे पुसले. अप्पासाहेब छत्री उघडोन उन्हात उभे राहिले आणि बराच वेळ मिटविण्याचे विसरले.

पंधरावे दिवशी कागद रुजू जाहला. नरसिंहय्यांनी तो उलटसुलट पाहोन "सरी", म्हणजे ठीक, इतकेच उद्गार काढिले. दरम्यान कारखान्याचे पाण्याची टाकी उपसण्याचे काम जोरात चालू होते, त्याविषयी कोणी बोलले नाही. दुपारी बाई पातेल्यामागे उभ्या राहिल्या. रांग लागली, परंतु कोणी पुढे होईना. तेव्हा मागून गुंडो म्हणोन कामगार आला. तापाने पडलेल्या पाचांपैकी हा एक, आजच कामावर परतलेला, सदरा अंगात नुसता लोंबत होता. त्याने ताट पुढे केले. बाईंनी अर्धीच पळी हुळी घातली.

गुंडो ताट तसेच धरोन उभा राहिला. "अक्का, एवढ्यानं काय होतंय? महिनाभर पेज पितोय मी. घाला की."

बाईंनी पळी भरोन घातली. मग आणखी एक घातली. त्याचे मागे रांग हलली, आणि त्या दिवशी पातेले तळाशी खरवडोन निघाले. येणेप्रमाणे श्रावण वद्य पक्षी मोहीम फत्ते जाहली. गुंडोने तीन वेळा घेतले. हकीकत लिहिली ती खरी.