पावण्यांच्या घरी निरोप

हिंदूराव आण्णा रोज सकाळी दालनाचं कुलूप काढायचे आणि काचेच्या कपाटातल्या देवाला विचारायचे, "काय पावणं, झोप लागली न्हवं?"

देव काशाचा, वीतभर उंचीचा. अंगावर कापड जवळपास नाहीच, आणि एक हात वर उचललेला. आमच्या कोल्हापुरात नदीकाठच्या टेकाडावर उत्खनन झालं, त्यात तो सापडला. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, दोनेक हजार वर्षांपूर्वी कुणा व्यापाऱ्याबरोबर इकडे आला असावा, असं शहाणी माणसं सांगतात. आण्णा वस्तुसंग्रहालयात पहारेकरी होते आणि तो त्यांच्या दालनात उभा होता. परगावाहून आलेला म्हणजे पावणा, एवढा हिशोब त्यांना पुरला.

एकदा एका अभ्यासकाने विचारलं, "ही मूर्ती ग्रीक म्हणायची की रोमन?"

आण्णा म्हणाले, "आता कोल्हापूरचीच म्हणा की सायेब. दोन हजार वर्सं झाली. रेशनकार्डात नाव घालायला हरकत न्हाय."

नोकरीने आण्णांना एक वाक्य दिलं होतं: "हात लावू नगासा, नुस्तं बघा." ते निवृत्त झाले, वाक्य काही झालं नाही. गल्लीत कुणाच्या लग्नात रुखवत मांडलं की आण्णा आपसूक त्याच्या शेजारी उभे. पोरांनी साखरेच्या बंगल्याकडे बोट नेलं की वाक्य आलंच. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा पेढे खाऊन ते अर्धा तास दारात थांबले, आणि माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी सीटवर टेकू दिलं नाही. मला राग आला होता. पण ते होते तोवर स्कूटरवर एक ओरखडा उमटला नाही, हेही खरं.

निवृत्तीनंतर ते दर आठवड्याला तिकीट काढून पावण्याला भेटायला जायचे आणि घरी येऊन कुरकुरायचे. "नवं पोरगं मोबाईल बघत बसतंय, मास्तर. पावण्याशी एक शब्द बोलत न्हाय."

एके दिवशी ते माझ्या पायरीवर येऊन बसले. चेहरा गंभीर.

"मास्तर, कुणाचं पोरगं आपल्या घरात ऱ्हायलं, तर त्याच्या घरी निरोप द्यायचा का न्हाय?"

आण्णा मूळचे गडमुडशिंगीचे. लहानपणी पेठ वडगावात एका मुल्लांच्या घरी राहून शिकले. त्या घरची चाची दर बाजाराच्या दिवशी आण्णांच्या गावचं माणूस हुडकून काढायची आणि सांगायची, पोरगं बरं आहे, जेवतंय, काळजी करू नका. आण्णांची आई त्या निरोपावर आठवडा काढायची.

"द्यायचा की," मी म्हणालो.

"मग ह्या पावण्याच्या घरी दोन हजार वर्सांत कुणी निरोप दिलाय का? आपल्या गावाला काय रीतभात हाय का न्हाय?"

मी हसलो. आण्णा हसले नाहीत.

ग्रीसला जाण्याची सोय झाली ती त्यांच्या मुलामुळे. एकुलता अजित डिप्लोमा करून जहाजावर लागला होता. ग्रीसच्या बेटाबेटांतून जुनी देवळं आणि उजाड नगरं दाखवत फिरणारं एक छोटं जहाज, साठेक प्रवाशांचं. अजित त्याच्या इंजिनात. चार वर्षांत तो दोनदाच घरी आला होता. कर्मचाऱ्यांच्या घरच्या दोघांना एकदा सवलतीत खोली मिळायची. दुसरी जागा आण्णांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची. पण म्हैस व्यायला झाली होती. वहिनी म्हणाल्या, "मास्तरांस्नी न्या. त्यास्नी इंग्रजी येतंय." अशा रीतीने मी कागदावर अजितचा काका झालो.

निघताना वहिनींनी आण्णांना एकच बजावलं. "त्यो पुन्यांदा तीन वर्साचा करार करतोय म्हनं. करू देऊ नगासा. त्याला घिऊनच या." आण्णांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, हे शेकडो पोरांकडून घोकून घेतलं. समुद्र मात्र मालवणला एकदाच पाहिला होता, तोही ओहोटीचा. त्यामुळे जहाज हललं आणि माझा सगळा भूगोल पोटातून वर आला. आण्णा ठणठणीत. मला लिंबू हुंगायला देत म्हणाले, "मास्तर, लांब बघा, लांब. जवळचं पाणी बघायचं नसतंय." हे त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे. पंचगंगेपलीकडे पाण्याशी त्यांचा संबंध नव्हता.

दिवसाकाठी एक बेट व्हायचं. जहाज लांब उभं राहायचं आणि रबरी होड्यांतून आम्हाला किनाऱ्यावर नेऊन सोडायचे. पुढे एक उंच बाई दगडांचा इतिहास सांगत चालायची आणि मी तो मराठीत करून आण्णांना द्यायचो. ते ऐकायचे कमी आणि बघायचे जास्त. डेलॉस नावाचं बेट म्हणजे सगळं पडकं शहरच आहे. गल्ल्या, हौद, घरांच्या जमिनीवर रंगीत खड्यांची चित्रं, आणि वस्तीला कुणी नाही. तिथे सावलीत स्टुलावर एक जाडजूड बाई बसली होती, गळ्यात शिट्टी. कुणी दगडावर पाय ठेवला की शिट्टी वाजायची. आण्णा थबकले.

"आपल्यातली हाय," ते म्हणाले.

ते जाऊन तिच्या शेजारी उभे राहिले. तेवढ्यात एक गोरा गृहस्थ फोटोसाठी खांबाला रेलला. बाईने शिट्टी तोंडात घालायच्या आत आण्णा गरजले, "ओ पावणं! हात लावू नगासा, नुस्तं बघा!" गृहस्थ चटका बसल्यासारखा बाजूला झाला. बाई पोट धरून हसली. मग आण्णांनी पिशवीतलं भडंग काढलं, तिने डब्यातली ऑलिव्हं. ती ग्रीक बोलत होती, हे कोल्हापुरी, आणि मी मधे दुभाषा म्हणून नुसता उभा. तासाभराने आण्णा परत आले. "तिला तीन नातवंडं हायत. गुडघं दुखत्यात. आन् लोकं लई हात लावत्यात." हे सगळं त्यांना कसं समजलं, मी विचारलं नाही. मला जरा अपमान वाटला होता.

ज्याला जगातलं कुणीही परकं नाही अशा या माणसाची बोलती एकाच ठिकाणी बंद व्हायची. संध्याकाळी अजितला अर्धा तास सुटी असायची. तो तेलाचे हात पुसत वर यायचा. बापलेक कठड्याला टेकून उभे राहायचे.

"जेवलास?"

"व्हय. तुम्ही?"

"व्हय."

मग दोघंही पाणी बघायचे. अर्धा तास संपला की अजित खाली जायचा. कराराचा विषय निघत नव्हता. मी एकदा न राहवून म्हणालो, "अहो, बोला की त्याच्याशी. वहिनींना काय सांगणार आहात?"

"बोलतो की," आण्णा म्हणाले, आणि बोलले नाहीत.

शेवटून दुसऱ्या दिवशी पावण्याचं घर होतं. एका लहानशा बेटावर, किनाऱ्याला लागूनच, पोसायडनच्या देवळाचे अवशेष. आण्णांनी सकाळीच इस्त्रीचा सदरा घातला, टोपी झटकली. आणि वारा सुटला. असा की कपातला चहा बशीत. मार्गदर्शक बाईंनी जाहीर केलं, होड्या सोडता येणार नाहीत, देऊळ जहाजावरूनच पाहू. लोकांनी दुर्बिणी काढल्या. मी आण्णांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाकावर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. पायरीवर बसून हसलो होतो तेही आठवलं.

तेवढ्यात अजित वर आला. अंगावर तेलकट डगला, प्रवाशांच्या मधून सरळ कप्तानाकडे गेला. काय बोलला ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. कप्तानाने एकदा आण्णांकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे. मग निरोप आला: जहाज थांबेल. वारा पडला तर एक होडी जाईल, ज्यांना यायचंय त्यांनी यावं.

दोन तासांनी वारा पडला. होडीत आम्ही सातजण होतो. अजितही होता, दोर धरायला.

देऊळ म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. जोत्याचे दगड, आडवे पडलेले दोन खांब, मधून उगवलेलं गवत. पलीकडे एक शेळी चरत होती. बाकीचे फोटो काढायला पांगले. आण्णांनी वहाणा काढल्या, जोत्यापाशी गेले आणि समुद्राकडे तोंड करून, घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलायला लागले.

"रामराम. आमी कोल्हापूरचं. तुमचं पोरगं आमच्याकडं हाय. निरोप द्यायला उशीर झाला, त्येवढं पोटात घाला. बरं हाय ते. काचंच्या कपाटात ऱ्हातंय, ऊन लागत न्हाय, पाऊस लागत न्हाय. मी हुतो तवर एक दिवस एकटं वाटू दिलं न्हाय. शाळंची पोरं येत्यात बघायला. काळजी करू नगासा."

मला वाटलं, संपलं. पण आण्णा जागचे हलले नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आन् आमचं तुमच्याकडं हाय. ह्याच पाण्यावर असतंय. एकटंच हाय. बोलत न्हाय जास्त, माझ्यावर गेलंय. त्याची आई तिकडं वाट बघत्या. पन त्येला हितं करमतंय, मी बघितलं. तवा ऱ्हाऊ द्या. त्येवढं तुमच्या घरचं म्हणून सांभाळा."

मी वळून पाहिलं. अजित दहा पावलांवर दोर हातात घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो डगल्याच्या बाहीने तोंड पुसत होता आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं. मलाही तिथे उभं राहवेना, म्हणून मी उगाच शेळीकडे बघायला गेलो.

परतताना आण्णा अजितला लागून बसले होते. मीच विचारलं, "आण्णा, वहिनींना काय सांगायचं?"

"सांगतो की," आण्णा म्हणाले. "ठिकाण बघून आलोय. कप्तानानं पोराच्या शब्दासाठी जहाज थांबवलं. माणसं बरी हायत."