अठ्ठावीसचे तेरा

आम्रपालीने मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, 'ग्रहांची स्थिती काढणारी सॉफ्टवेअर लायब्ररी बदलायला दोन दिवस हवेत. तपासल्याशिवाय अॅपवर चढवू नये.' रणजीतने मेल उघडला, 'दोन दिवस' एवढंच वाचलं आणि बंद केला.

मोबाइलवर कुंडली काढून देणाऱ्या हिंजवडीतल्या त्या कंपनीचा तो मालक. चंद्र कुठल्या राशीत आहे हे सोडा, कुठल्या दिशेला उगवतो हेही त्याला सांगता आलं नसतं. पण 'व्हिजन' हा शब्द तो दिवसातून चाळीसदा उच्चारी, आणि त्यावरच कंपनी चालते अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. चालत होती ती आम्रपालीवर. आकुर्डीच्या या मुलीच्या घरात तीन पिढ्यांत कुणी पत्रिका मांडली नव्हती, तिचा स्वतःचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. गणित मात्र ती चोख करी.

"अगं, दोन दिवस कशाला?" रणजीतने फोन केला. "ग्रह काय कालपासून उलटे फिरायला लागलेत?"

"ग्रह नाही सर, लायब्ररी बदललीये. जुनी आपोआप निरयन धरायची, नवी सांगितलं नाही तर सायन धरते. मोजायची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते. चोवीस अंशांचा फरक पडतो."

"चोवीसच ना? वर्तुळात तीनशे साठ असतात!"

आम्रपालीची बस वाकडच्या सिग्नलला अडकली होती. ती पोचेपर्यंत रणजीतने स्वतःच नवी लायब्ररी चढवायचं बटण दाबलं आणि बटण दाबतानाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'लीडर स्वतः हात घालतो.'

दुपारपर्यंत बहुतेक ग्राहकांच्या राशी एकेक घर पुढे सरकल्या. कंपनीच्या ज्योतिष सल्लागार इंदुताई केबिनमध्ये शिरल्या.

"रणजीतराव, चोपन्न वर्षं मी कन्या राशीची आहे. सकाळी डबा भरताना कन्या होते, डबा उघडताना तूळ झाले. हा काय प्रकार?"

आम्रपाली जुनी आवृत्ती परत चढवायला बसली, तेवढ्यात रणजीत ओरडला, "थांब! हात लावू नकोस!" त्याच्या मोबाइलवर पाच-पाच ताऱ्यांची रांग लागली होती. 'आता कळलं माझं प्रमोशन का अडलं.' 'वीस वर्षं चुकीच्या राशीत काढली, धन्यवाद.' एकाने तर साडेसाती टळली म्हणून पेढे पाठवायचं कबूल केलं होतं.

"लोक खूश आहेत ना? मग चूक कसली?" असं म्हणून त्याने सगळ्या ग्राहकांना संदेश धाडला, 'नव्या संशोधनानुसार तुमची खरी राशी पाहा. याआधीची विसरा. आपला, रणजीत.'

इंदुताईंनी पाच मिनिटं विचार केला. "तशी मी तूळच वाटते म्हणा," म्हणाल्या आणि सल्ले द्यायला बसल्या.

चार वाजता चाकणहून अर्जुनरावांचा फोन आला. त्यांच्या मुलीशी, स्वप्नालीशी, रणजीतचं लग्न ठरलं होतं. रविवारी साखरपुडा होता. स्थळ जुळलं होतं ते याच अॅपवरच्या छत्तीसपैकी अठ्ठावीस गुणांवर, आणि हे रणजीत लिफ्टमध्ये भेटणाऱ्यालाही ऐकवत असे.

"जावईबापू, तुमचा मेसेज आला, म्हनलं बघावं. आता तेराच गुन दाखवतंय. वर नाडीदोष बी हाय."

"मामा, ती टेक्निकल अडचण आहे. जुनंच बरोबर."

"मग खाली तुमचं नाव कशापायी हाय? याआधीची इसरा, आसं लिवलंय."

रणजीत फोनवर हात दाबून ओरडला, "आम्रपाली, आत्ताच्या आत्ता जुनं चढव!"

तिने चढवलं. पंधरा मिनिटांत तेराचे पुन्हा अठ्ठावीस झाले. अर्जुनराव तिकडे दुसऱ्या मोबाइलवर पाहतच होते.

"चारला तेरा, सव्वाचारला अठ्ठावीस! ग्रहांची शिफ्ट बदलली का काय? तुमी ऱ्हाऊ द्या. गनित कोन करतंय त्याला फोन द्या."

रणजीतने फोन स्पीकरवर टाकून आम्रपालीपुढे धरला आणि दुसऱ्या हाताने तिला नमस्कार करू लागला. ती 'हॅलो' म्हणाली.

"पोरी, खरं सांग. कुठला आकडा खरा?"

'अठ्ठावीस' म्हणणं सोपं होतं. नोकरीही सुखात राहिली असती. पण चुकीचं उत्तर देताना तिची जीभ अडखळायची.

"काका, गणित दोन्हींचं बरोबर आहे. मोजायला सुरुवात कुठून करायची, ते माणसं ठरवतात. आकाशात तशी रेघ मारलेली नाही."



"म्हंजी सुरुवात मानसानंच ठरवायची व्हय?"

"हो, काका."

"मग आमी भलत्याच ठिकानावरनं मोजत बसलो की." त्यांनी फोन हातात तसाच धरून आत हाक मारली, "स्वप्ने! ए स्वप्ने! तुला ह्यो पोरगा पसंत हाय का गं? कुनी इचारलंच न्हाई तुला!"

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं, "नाही."

"का?" रणजीत फोनमध्ये ओरडला.

का, ते सांगायला स्वप्नालीने साडेतीन मिनिटं घेतली, आणि त्यात एकाही ग्रहाचं नाव आलं नाही.