वासामागची रांग

पुढच्या क्षणी मुंगी कुठे वळेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो! प्राणिशास्त्रात बी.एस्सी. आहे म्हणून नव्हे, तर नाशकात येऊन सात महिने झाले तरी खोलीत माझ्याशी संबंध ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

देवळ्याहून आईचं पत्र आलं होतं : "तिथे ओळखीपाळखीचं कोणी झालं का? नसेल तर दिवाळीला परत ये. मामाकडे कांद्याच्या वजनकाट्यावर बस." म्हणजे दिवाळीपर्यंत माणूस जोडा, नाहीतर काटा धरा!

त्या रविवारी सकाळी मी उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून प्रयोग करत होतो. मुंग्यांना मुकादम नसतो. एक मुंगी वास सोडत जाते, दुसरी त्या वासामागे जाते, की झाली रांग! ती रांग मी रॉकेलच्या बोळ्याने पुसली. पुन्हा जुळायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात पाहत होतो. डब्यातलं शेवटचं रॉकेल त्यात संपलं. रिकामा डबा शेजारी ठेवला.

पंधरा दिवस गल्लीत रॉकेलचा थेंब नव्हता, हे शास्त्रज्ञाच्या लक्षात राहिलं नाही.

"वास येतोय!" समोरच्या भिमाबाई डबा घेऊन माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुम्ही पयले का?"

"मी? हो, पण…"

"मग माझा दुसरा!"

त्यांच्यामागे सकीनाबी. "भैया, कार्ड लगेगा क्या?" मग पेन्शनर गोटीराम. त्यांनी आपला डबा ठेवला, शेजाऱ्यासाठी एक वीट ठेवली आणि जाहीर केलं, "वीट म्हणजे माणूसच! कोणी हलवायची नाही!"

दहा मिनिटांत रांग कोपऱ्यावरून वळली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं!

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात भिमाबाईंनी विचारलं, "भाऊ, नाव काय तुमचं?"

सात महिन्यांत पहिल्यांदा!

"जयराम," मी म्हणालो. आणि खरं सांगायचं राहून गेलं.

"गाव? लगीन झालं का? जेवता कुठं?" मी परीक्षेसारखी सगळी उत्तरं दिली. गोटीराम म्हणाले, "या एकदा चहाला." सकीनाबींनी तर जावई शोधल्यासारखं वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतकं सुख मला पदवी घेतानाही झालं नव्हतं.

पण भिमाबाई हळूच म्हणाल्या, "कालपास्नं स्टो पेटला नाय. काम सोडून उभी हाय, तिथली बाई बोंबलत असंल. पण आज मिळंल ना?"

आता मात्र मला उभं राहवेना. मी डबा उपडा घातला आणि त्यावर चढलो.

"ऐका! इथे रॉकेल…"

"आलं!" मागून कोणीतरी ओरडलं.

कोपऱ्यावरून रॉकेलवाल्या खाजाभाईंची पिंपाची हातगाडी येत होती! "मी तर मागल्या गल्लीत चाललो होतो," ते घाम पुसत म्हणाले. "एवढी लाइन दिसली. म्हटलं, इथंच ठरलं असंल!"

मी घाईने उतरलो. गोटीरामांनी हात आडवा धरला. "लाइन सोडलीत तुम्ही! मागे व्हा!"

"पण मी पहिला होतो!"

"तुमची वीट कुठाय?"

मी शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढच्या विटेलासुद्धा रॉकेल मिळालं. मग पिंप रिकामं खडखडलं. पाच मिनिटांत दारं लागली, घरोघर स्टो फुरफुरू लागले आणि गल्लीत मी उरलो. दाराशी आलो, तर लोकांच्या पायांखाली मुंग्यांचीही रांग विस्कटली होती.

संध्याकाळी आईला पोस्टकार्ड लिहिलं : "काळजी करू नकोस. आज माझ्या दारात एक्केचाळीस जण होते." त्यातल्या सात विटा होत्या, हे लिहायला कार्डावर जागा उरली नाही.

गोटीरामांच्या चहाची वाट आठवडाभर पाहिली. पुढच्या रविवारी सकाळी मी डबा पुन्हा उंबऱ्याबाहेर ठेवला. शेजारी, सावधगिरी म्हणून, एक वीट. पण डब्याचा वास उडून गेला होता.

बारा वाजेपर्यंत बसलो. मुंग्या आल्या.