चैत्रातली शेगडी

प्रकरण चिघळलं की नारायणरावांकडे द्या, असं अमरावतीच्या कोर्टात म्हणतात. निदान मी तरी म्हणतो. भावाभावांच्या वाटण्या मी मिटवल्या, सामाईक विहिरींची भांडणं मिटवली, आणि दोन्ही पक्षांना मांडीला मांडी लावून जेवायला बसवलं. तेव्हा दोन बायकांमधला वाद मिटवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता!

एक पक्ष अकोल्याची डॉक्टरीणबाई. दुसरा पक्ष माझी आई. आणि वाद होता माझ्या बायकोच्या अंगात शक्ती कशी आणायची याचा.

ताराचं बाळंतपण पोट चिरून झालं. एकोणीसशे चाळीस साल उजाडलं होतं, तरी आमच्या गल्लीतल्या बायका हे सांगताना आवाज खाली आणत. तीन आठवडे ती अकोल्याला दवाखान्यात होती. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं की टाके सुकलेत, आता हिला रोज मोकळ्या हवेत थोडं थोडं चालवा, वरणभात, भाजी, दूध पोटभर द्या, जड काही उचलू देऊ नका आणि पोटाला शेक मुळीच देऊ नका. हे सगळं मी डायरीत लिहून घेतलं.

आईनं डायरी वाचली नाही. ताराला आई नाही, त्यामुळे माहेरचं बाळंतपण नव्हतंच. सगळा अधिकार आमच्या आईचा. तिनं मधल्या खोलीची खिडकी पोत्यानं बंद केली, बाजेवर ताराला निजवलं, कान बांधले, पोट बांधलं आणि बाजेखाली शेगडी सरकवली. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, आणि दवाखान्यातले दिवस त्यात धरायचे नाहीत. बाहेर वऱ्हाडातला चैत्र पेटला होता. आत शेगडी.

आठव्या दिवशी तारा पाळण्यातल्या बाळाला घ्यायला उठली आणि भिंतीला धरून खालीच बसली. तिच्या कपाळावर घाम होता.

"अहो, माझ्यानं माझं मूल उचलवत नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी मी खरोखर घाबरलो. कोर्टात मी कुणाला भीत नाही, पण आईला उलटून बोलायची माझी छाती नव्हती. म्हणून मी तडजोड काढली. आई पहाटे अंबादेवीला जाई आणि परतल्यावर उंबऱ्यातूनच बाजेकडे डोकावे. तेवढ्या वेळात तारानं मागच्या दारानं परसात जायचं आणि लिंबाच्या झाडापासून विहिरीपर्यंत फेऱ्या घालायच्या. बाज रिकामी दिसू नये म्हणून तिथं मी निजायचं. कान बांधलेले, डोक्यावरून लुगडं ओढलेलं, खोलीत अंधार. बाळंतीण कोण आणि वकील कोण, हे ओळखणार कोण? रूढीनंच मला वेष पुरवला होता!

पहिल्या दिवशी आई आली, डोकावली, गेली. मी लुगड्याखाली हसलो. तेवढ्यात तानुबाई आली. ही आमची शेकणारी. ती रोज आठ वाजता येई, त्या दिवशी साडेसहालाच उगवली. दुसऱ्या एका बाळंतिणीचं काम लागलंय, आता रोज याच वेळेला येईन, असं तिनं दारातूनच आईला सांगितलं.

तिनं माझ्या पायांना तेल लावलं. क्षणभर तिचे हात थांबले.

"पाय सुजले वाटते जरासे," ती म्हणाली, आणि असे रगडले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं जुनं लुगडं फाडून माझं पोट करकचून बांधलं. मग शेगडी. मग ओव्याची धुरी. शेवटी लुगड्याच्या फटीतून काढ्याची वाटी आली. तो काढा इतका कडू होता की बोलायची सोय असती तरी मला बोलता आलं नसतं.

असे अकरा दिवस गेले. ताराच्या फेऱ्या दोनाच्या पाच झाल्या, पाचाच्या बारा. परसदारी कोणीतरी रोज दुधाचा पेला आणि वरणभाताची झाकलेली थाळी विसरून जाई. ती कोणाची, याची चौकशी न करता तारा ती संपवी. तिच्या गालांवर रंग आला. माझ्या गेला. कोर्टात माझ्या अंगाला ओव्याचा वास येऊ लागला आणि न्यायाधीशांनी माझ्या पोटाची विचारपूस केली. गल्लीतली सत्यवतीबाई बाळंतिणीला बघायला आली, तिनं उंबऱ्यातून निरखून पाहिलं आणि सून चांगली भरली हो, असं आईला सांगून गेली.

बाराव्या दिवशी बाळ रडू लागलं. आईनं त्याला उचललं आणि माझ्या कुशीत आणून ठेवलं.

"घे बाई, भुकेजलाय," ती म्हणाली.

आता वकिली काय करणार? त्या पोरानं माझ्या बंडीला तोंड लावलं, आपली फसवणूक झाल्याचं ओळखलं आणि असा टाहो फोडला की विहिरीपर्यंत ऐकू गेला. मागचं दार धाडकन उघडलं. तारा सरळ आत आली. भिंतीला हात नाही, दाराला हात नाही. तिनं वाकून बाळाला उचललं, छातीशी धरलं आणि तिथंच उभी राहिली. मग तिला आई दिसली, तानुबाई दिसली आणि तिचा चेहरा उतरला.

मी डोक्यावरचं लुगडं काढलं. मिशीला तेल लागलं होतं.

तानुबाई शेगडी फुंकत म्हणाली, "मले काय पाहून राहिले, वकीलसाहेब? तीस वर्षं झाले मी बायायचे पाय चोळून राहिली. पयल्याच दिवशी समजलं. तवाच मी मोठ्या बाईले सांगतलं."

मी आईकडे पाहिलं. आई बाळाचं टोपडं नीट करत होती.

"तुझ्या वेळी मी या बाजेवर सव्वा महिना भाजले," ती म्हणाली. "ते काय असतं, हे घरातल्या एकाही पुरुषाला कळलं नाही. हिला चाल म्हणायला माझी जीभ रेटेना, गल्ली काय म्हणेल? तू आपणहून निजलास. म्हटलं, बरं झालं."

तारा हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. मला हायसं वाटलं. दोन्ही पक्ष खूश होते, तडजोड झाली होती. मी पोटाची गाठ सोडायला हात घातला.

"आन् हे काय?" तानुबाईनं माझा हात धरला. "शेक मधातच सोडला त जलमभर बाधते. अजून अठरा दिवस रायले."

मी आईकडे पाहिलं. आईनं काढ्याची वाटी पुढं केली. तारा बाळाला घेऊन परसात ऊन दाखवायला निघून गेली.

मी लुगडं डोक्यावरून ओढून घेतलं.